छातीशी गाढव

मंगळवार, ४ मार्च

काल घरी आणलं. लिफ्ट नाही, मजला चौथा. खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं, कपाट चढवतात तसं. "वळवा, वळवा, पाय सांभाळा" — पाय माझे, पण मला कुणी विचारत नव्हतं.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी छातीचं हाड मधोमध कापून तारेनं परत बांधलंय. चाळीस वर्षं गाड्यांची सीटकव्हरं शिवली. तार ओढून सीट कशी बांधायची हे मला कुणी शिकवू नये. पण आपलीच सीट झाली की निराळं असतं.

नियम ऐकून घेतले. सहा आठवडे खाली उतरायचं नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. कुशीवर झोपायचं नाही, पाण्याचा भरलेला जग उचलायचा नाही, शिलाई मशीनला हात लावायचा नाही. खोकायचं मात्र दिवसातून दहा वेळा, मुद्दाम — नाहीतर कफ साठतो म्हणे.

एकदा खोकलो. आता कुणाच्या बापानं सांगितलं तरी खोकणार नाही.

बुधवार, ५ मार्च

व्यायामवाली बाई आली. चाळिशीची, हसरी, पण कुणाचं ऐकणारी नाही. म्हणाली, "खोकताना छातीशी काहीतरी घट्ट धरायचं. दवाखान्यात आम्ही कापूस भरलेली अस्वलं देतो, पण ती संपलीत. घरात नातवंडाचं एखादं मऊ खेळणं आहे?"

नातवंडं नाहीत, म्हटलं. उशी देऊन पाहिली. उशी निसटली आणि कळ डोक्यात गेली.

बायको उठली, मागच्या खोलीत गेली आणि मिनिटाभरात परत आली. हातात गाढव. कॉर्डरॉयचं, राखाडी, वीतभर लांब कानांचं. लंबू! आमच्या मुलीचा.

मी दुखणंच विसरलो. मुलगी चौथीत असताना मी दोघींना सांगितलं होतं की लंबू भंगारवाल्याला दिला. दिला नव्हता. माझ्या लोखंडी पेटीत, कापडाच्या नमुन्यांखाली घालून कुलूप लावलं होतं. हे फक्त मला माहीत होतं, असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो.

हिनं मला काही विचारलं नाही. मग मी तरी कोणत्या तोंडानं विचारणार?

"धरा घट्ट. आता खोका," बाई म्हणाली. धरलं, खोकलो. निम्म्यानं कमी दुखलं.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी तर अख्खं गाढव कवटाळून बसलोय.

शनिवार, ८ मार्च

या घरातले सगळे खिळे मी मारलेत. दुसऱ्याच्या हातात हातोडी देत नाही, लोक वाकडे मारतात. मी सहा फुटांचा, म्हणून खिळेही माझ्या कपाळाच्या उंचीवर. आता त्याचीच शिक्षा. सदरा काढायचा — "अगं". टॉवेल हवा — "अगं". पिशवीतला चष्मा — "अगं". आज ही म्हणाली, "लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या हाका कधी मारल्या नव्हत्या."

मागच्या खोलीच्या चौकटीशी एक खिळा तेवढा खाली आहे, छातीच्या उंचीला. त्याला पेटीची किल्ली असते. बाकी घराच्या, दुकानाच्या, गोदामाच्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला. आयुष्यात एक किल्ली हरवलेली नाही. त्या खालच्या खिळ्यावर आज टॉवेल टांगला. चार खोल्यांत माझ्या हाताला येणारी तेवढीच जागा.

सोमवार, १० मार्च

खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. आजही तिथेच आहे.

मंगळवार, ११ मार्च

समोरचे पोस्टमास्तर पत्ते घेऊन आले. निवृत्त, एकटेच राहतात, वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. लंबूला उशीमागे दडवायला गेलो, तर हात तेवढा मागे जाईना. मास्तरांनी पाहिलंच.

"वा! चौथा गडी मिळाला. याला पत्ते वाटू का?"

"वाटा. तुमच्यापेक्षा बरा खेळेल."

हसताना तारा ताणल्या. लंबूला छातीशी धरावं लागलं, मग ते आणखीच हसले. पण तिसऱ्या डावाला पाहतो तर लंबू मास्तरांच्या मांडीवर. एका हातात पत्ते, दुसऱ्या हाताचा अंगठा गाढवाच्या कानावरून फिरतोय — सावकाश, वर-खाली. त्यांना पत्ताही नव्हता. जाताना ते दारात थांबले, आत पाहिलं आणि म्हणाले, "उद्याही येतो."

शुक्रवार, १४ मार्च

बाईनं नाडी मोजली. खूश झाली. मी म्हटलं, औषध लागू पडतंय. म्हणाली, "औषधही आणि गाढवही."

मी नाक मुरडलं. ती ऐकते कसली! "हे फक्त मुलांसाठी असतं असं वाटतं ना तुम्हाला? आमच्याकडे ऐंशी वर्षांचे एक न्यायाधीश होते. घरी जाताना अस्वल परत देईनात, आमच्याशीच वाद घातला. छातीवर मऊ वजन असलं की श्वास आपोआप संथ होतो. हात रिकामे असले की माणूस घाबरतो, काका. वय वाढलं म्हणून कातडी बदलत नाही."

ती गेल्यावर दुपारभर तेच डोक्यात. आमची मुलगी नऊ वर्षांची होती. नव्या शाळेत घातलं होतं, मैत्रीण कुणी नाही. लंबूला घेतल्याशिवाय डोळा लागत नसे. मी म्हटलं, "घोडीएवढी झालीस आणि गाढव घेऊन झोपतेस!" बोललो आणि स्वतःच हसलो. आठवडाभर ती जेवताना खाली मान घालून बसायची. मला वाटलं, सुधारली.

लंबू पेटीतून काढून परत द्यायचा होता. खरंच. पण भंगारवाल्याची थाप मारून बसलो होतो. बाप खोटं बोलला हे कबूल कोण करणार? आज नको, उद्या, असं करता करता ती मोठी झाली.

बुधवार, १९ मार्च

आज चष्मा लावून लंबूला नीट पाहिलं. वेळ आहे, दुसरं काय करणार?

उजवा कान तांबड्या दोऱ्यानं जोडलाय. जाड, नायलॉनचा, माझ्या दुकानातला. तांबडा दोरा मी एकदाच आणला होता, शाळेच्या बसच्या सीटांसाठी. त्या वर्षी मुलगी नववीत होती. शेपटी हिरव्या दोऱ्यानं शिवलीय. हिरव्या गाद्यांचं काम आलं तेव्हा ती कॉलेजात. पोटाला निळा टाका, तो त्याच्याही नंतरचा.

माणसांचे वाढदिवस मला आठवत नाहीत, पण दोरा कोणत्या वर्षीचा हे झोपेतसुद्धा सांगेन. दुसऱ्या कुठल्या घरात हे लपलं असतं.

म्हणजे पेटीत गेल्यावरही लंबू वापरात होता. इतका, की त्याचे कान तुटत होते. टाके हिचे आहेत. ही डावखुरी, टाका उलटा तिरका पडतो.

मी पेटीला कुलूप लावलं, आणि माझ्याच घरात, माझ्याच दोऱ्यानं, माझ्या पाठीमागे हे चाललं होतं. राग आला. मग राग कुणावर काढावा ते कळेना. उठून भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. अकरा पावलं.

रविवार, २३ मार्च

मुलीचा फोन दर रविवारी अकराला येतो, हिला. सात वर्षांपूर्वी तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. मी म्हटलं होतं, "गेलीस तर हे दार विसर." ती गेली. तेव्हापासून फोन आला की मी दुसऱ्या खोलीत जातो. आज उठायला वेळ लागला, म्हणून बसूनच राहिलो. ही माझ्याकडे पाहत म्हणाली, "हो, खातात नीट. हो, खोकतात."

फोन ठेवल्यावर मी लंबूचा कान वर केला. "हा तांबडा टाका कधीचा?"

हिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. "कळलं का एकदाचं? महिन्याभरात शोधून काढला होता तिनं. तुम्ही दुकानात गेलात की काढायची. जिन्यात तुमचं पाऊल वाजलं की परत पेटीत. चौथा मजला, वेळ मिळायचा. परीक्षेत, तापात, नोकरीला जायच्या आदल्या दिवशीसुद्धा."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे बोललात?"

मग भाजीकडे पाहतच म्हणाली, "तिला वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. सगळ्या किल्ल्या कमरेला आणि ही एकच बाहेर कशी? बाबांनी माझ्यासाठीच ठेवली, म्हणते. तोंडानं सांगता येत नाही म्हणून. तेवढ्यावर तर ती दर रविवारी तुमची चौकशी करते. नाहीतर तुम्ही दुसरं काय ठेवलंत तिच्यासाठी?"

सोमवार, २४ मार्च

मला काहीच ठाऊक नव्हतं.

गुरुवार, २७ मार्च

तिच्या लेखी मी एकच चांगली गोष्ट केली, आणि ती मी केलेलीच नाही. पेटीत चिंध्या होत्या. तिची किल्ली कशाला कमरेला वागवायची? एवढंच असणार. दुसरं काही आठवत नाही.

गप्प बसलो तर कुणाचं काय जातं? ती सुखी, ही सुखी. तिच्याशी बोलायला एक तरी धागा राहील. पण पुन्हा तेच — एक थाप, आणि ती सांभाळत बसायचं. खरं सांगितलं तर हा रविवारही जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी चौथ्या मजल्यावर.

सहा आठवडे कोंडलं म्हणून मी रोज कुरकुरतोय. त्या दोघी या घरात माझ्या पावलांकडे कान लावून किती वर्षं राहिल्या, ते मोजायला बसलो. मध्येच सोडून दिलं.

लंबूला नुसताच धरून बसलो होतो दुपारी. खोकला नव्हता.

बुधवार, २ एप्रिल

मी फोन लावला. तिनं "आई?" म्हटलं. मी म्हटलं, "मी आहे." पुढचं पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो.

सांगितलं. भंगारवाल्याचं खोटं होतं. किल्लीचंही तुला वाटतं तसं नाही. तुझ्यासाठी नव्हती ठेवली. मला माहीत नव्हतं काही.

तिनं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाली, आणि फोन बंद.

ही दारात उभी होती. "काय गरज होती?" एवढंच म्हणाली.

गरज मला होती. आता निस्तरायचं सगळ्यांनी.

रविवार, ६ एप्रिल

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन आला नाही. सात वर्षांतला पहिला रविवार.

ही जेवली नाही. पोस्टमास्तर आले, घरातला रागरंग पाहून पत्ते खिशातच ठेवले आणि लंबूला घेऊन तासभर बसले. जाताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी न मागता.

बुधवार, ९ एप्रिल

दुपारी जिन्यात पावलं वाजली. चौथ्या मजल्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून ओळखायलाही वेळ मिळाला. दार मीच उघडलं. केसांत थोडं पांढरं दिसायला लागलंय तिच्या.

तिनं लंबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ मागच्या खोलीच्या चौकटीशी गेली. खालच्या खिळ्यावरचा टॉवेल काढला. म्हणाली, "किल्ली विसरला असाल, बाबा. पण चौथीत मी एवढी होते," आणि हात आडवा धरला. हात बरोबर खिळ्याला टेकला.

"हा कुणी मारला?"

घरातले सगळे खिळे मीच मारलेत.