दवाखान्याच्या खुर्चीतून विधानसभेकडे

४ जानेवारी १९५८, सकाळी
आमदारसाहेब गेले. वाईट झालं. जागा रिकामी, म्हणजे पोटनिवडणूक लागणार. गावाला शिकलेला माणूस हवा. गावात दाताचा डॉक्टर एकच. ठरलं. उद्यापासून पहाटे भाषणाचा सराव.

२ फेब्रुवारी
अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह शिडी. पहाटेचा सराव अजून सुरू नाही. थंडीत घसा बसला तर नुकसान मतदारांचंच.

५ फेब्रुवारी
सभा, मिरवणुका हा अडाणी प्रचार. माझी पद्धत शास्त्रीय. पेशंट खुर्चीत बसला, तोंडात कापूस आणि आरसा गेला, की विचारायचं, मत मलाच ना? आज नऊ जणांना विचारलं. एकानेही नाही म्हटलं नाही. घरटी चार धरून छत्तीस मतं.
हिचं म्हणणं, तोंडात कापूस असलेला माणूस नाही म्हणणार कसा? हिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही.

९ फेब्रुवारी
पोस्टमास्तरांना विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. ड्रिल चालू होतं हे खरं, पण भावनाही खरी. मेव्हणा सांगत होता, विरोधी उमेदवाराची जीप घरोघर फिरतेय. म्हटलं, फिरू दे. पेट्रोल त्याचं, मतं माझी.

१७ फेब्रुवारी
आठवड्यात एकही पेशंट नाही. कंपाउंडर बाकावर आडवा. लोक माझ्या प्रचारात गुंतले असणार. पोस्टमास्तर रस्त्यात दिसले, गालाला मफलर लावून पलीकडच्या फुटपाथवर गेले. सरकारी नोकरी. उघड पाठिंबा परवडायचा नाही.

२३ फेब्रुवारी
मतदान शांततेत. आभाराचं भाषण लिहून तयार. मंत्री केलंच तर आरोग्य घेईन. शेती नको.

२५ फेब्रुवारी, दुपारी
निकाल. मला अकरा मतं. फेरमोजणी मागितली. नऊ भरली. अधिकाऱ्याने विचारलं, आणखी एकदा मोजू का? नको म्हटलं.
घरी आलो. हिने न विचारताच सांगितलं, "मी तुम्हालाच दिलं हो. म्हटलं, एक तरी असू दे."

२६ फेब्रुवारी, सकाळी
दवाखान्याच्या दारात ही भली मोठी रांग. वाटलं, सांत्वनाला आले. जवळ जाऊन पाहिलं तर सगळ्यांचे गाल सुजलेले. दोन-दोन आठवडे कळ सोसून बसले होते. पोस्टमास्तर पहिले. खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.
"डॉक्टर, निवडणूक संपली ना? नक्की?"
संपली म्हटलं. फार लागलं मनाला. मग त्यांनी आ केला आणि मी काही न विचारता दाढ काढली.