मिनिटाला बेचाळीस फेरे

४ मे १९९३, सकाळी ७
मिलचा भोंगा झाला, लगेच रीडिंग घेतलं. मिनिटाला बेचाळीस फेरे. उत्तम. वारा मोजायचं यंत्र मी स्वतः केलंय: चार स्टीलच्या वाट्या आणि मिलमधलं जुनं बेअरिंग. कताई खात्याचे पंखे अठरा वर्षं सांभाळले, हवा मला कळते. छत्रीबागेत आमच्या गच्चीवर पवनचक्की उभी राहणार म्हणजे राहणार. शशिकला वाट्या परत मागते. संशोधनाला घरचं सहकार्य शून्य.

११ मे, दुपारी ३
भोंगा. बेचाळीस. पाळी बदलताना वारा बरोब्बर येतो, दिवसातून तीनदा. असा शिस्तीचा वारा मानपूरच्या घाटातही नसेल. शशिकला म्हणाली, मिल बंद होऊन दोन वर्षं झाली, कसला भोंगा? समजावलं: रिकाम्या खात्यांत हवा शिरली की आवाज होणारच, फ्लुइड मेकॅनिक्स आहे. तिने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. तसं बघितलेलं मला आवडत नाही.
आज वाऱ्याला सुताचा वास होता. रजिस्टरात वासाचा रकाना नाही.

१८ मे
मेव्हणा अशोक आला. पीथमपूरला स्टोअरकीपरची जागा आहे, शनिवारपर्यंत हो म्हणा जिजाजी, लोग लाइन में खड़े हैं, म्हणाला. विचार करून सांगणार होतो, पण आजच नाही सांगून टाकलं. शुक्रवारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या अरुंधती मॅडम रजिस्टर बघायला येताहेत. त्यांची सही झाली की पवनचक्कीला सरकारी मंजुरी आलीच. शशिकला रडली. वाईट वाटलं, पण रीडिंगची वेळ झाली होती.

२१ मे, दुपारी ३.२०
मॅडम आल्या. भोंगा झाला, मी बेचाळीस लिहिलं. त्यांनी रजिस्टर चाळलं, मग वाटीला बोट लावलं. हलेना. जोर लावला, तरी नाही. बेअरिंग गंजून जाम झालंय, म्हणाल्या, बरेच महिने झाले असतील. भोंगा कसला, हेही विचारलं. आजारी माणसाशी बोलतात तशा हळू आवाजात.
मग मी फेरे कशाचे मोजत होतो? भीती वाटते.

२२ मे
अशोककडे जाऊन हो म्हटलं. जागा गुरुवारीच भरली होती. घरी येऊन वाट्या सोडवल्या, घासून शशिकलेला दिल्या.

२३ मे, दुपारी ३
शशिकला वाट्या घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. भोंगा झाला, गच्चीवर नाही का जायचं, म्हणाली. डोळे लाल होते.
मी पुष्कळ कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.