आनंदाबाईची मागची पडवी

१८ मार्च १९७९, रविवार

आज दुपारी तीनच्या सुमारास, आनंदाबाईच्या मागच्या पडवीत, माझं सगळं बदललं. वेळ लिहून ठेवतो. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दोन महिने झाले, मी आणि नंदलाल दारूचे लपलेले अड्डे शोधत फिरतो आहोत. भंडाऱ्याचं कॉलेज सोडलं तेव्हापासून — प्रयोगशाळेत सरांशी भांडलो, वही फेकली, परत गेलोच नाही. नंदलाल राईस मिलमध्ये काट्यावर बसतो, दहा गावची माणसं त्याच्याशी बोलतात, त्यामुळे पत्ते तो आणतो. तुमसरातला एक अड्डा पिठाच्या चक्कीमागे आहे. चक्कीच्या आवाजात आतलं बोलणं रस्त्यावर ऐकूच जात नाही. दुसरा विणकरांच्या गल्लीत. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की पुढच्या खोलीतला माग थांबतो, आणि माग थांबला की आतली मंडळी मागच्या दाराने पसार! काय डोकं लावलं आहे!

पण आनंदाबाईपुढे ते सगळे पोरखेळ. जंगलाकडच्या टोलीवर, बारा घरांच्या वस्तीत, घर. पुढे शिंदीचे झाडू विकायला टांगलेले. एक झाडू काढून उलटा धरायचा, की बाईला समजतं. तरी ती लगेच आत घेत नाही. आधी तोंड पाहते.

"हा कोन?"

"दोस्त हाय काकू. सेवकराम."

"डोये लाल हायेत. पिऊन आला का?"

"नाही जी, भांडून आला," नंदलाल म्हणाला. हरामखोर!

बाई हसली. "तुळसा, याले संत्र्याचं दे वं. आल्याचं नको, अजून तापन."

प्रत्येकाला वेगळं! मोहाची दारू तीच, पण कुणाला संत्र्याच्या वाळल्या सालीवर मुरवलेली, कुणाला आल्याची, कुणाला तिखाडी गवत घातलेली. आणि दोन दोन्यांच्या वर कोणालाच नाही, पाटील असो की हमाल.

पळसाच्या पानांचा दोना माझ्यापुढे आला. तो ठेवणारा हात तुळसाचा. बाईची लेक. बस, तीन वाजले होते.

२० मार्च

तुळसा. तुळसा. तुळसा.

२५ मार्च

एकटाच गेलो. सायकलने पाऊण तास, वाटेत सगळीकडे मोहफुलं पडलेली, वास असा की तिथेच थांबावंसं वाटत होतं. पण थांबलो नाही.

तुळसाने मला परख दाखवली. कापसाची वात भिजवून पेटवायची. ज्योत निळी आली पाहिजे. एका मडक्याला जरा करपल्याचा वास होता, म्हणून माय-लेकींनी अख्खं मडकं बाजूला केलं. कुणाला कळलंही नसतं! मी तसं म्हटलं तर तुळसा म्हणते, "आमाले कळलं ना."

हे वाक्य मला आमच्या कॉलेजात एकाही माणसाने ऐकवलं नाही.

"कालेजात काय शिकवत होते तुले?"

"हेच. भट्टी. फक्त काचेची होती."

"मंग सोडलं काहून?"

मी दुसरी वात वळायला घेतली. 

२ एप्रिल

नंदलालला थोबाडीत दिली. म्हणे, "दारूवालीची पोरगी हाय ते, घरी काय सांगशील?" संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू दे, गाल दुखून राहिला." मग दोघेही हसलो. पण त्याचा प्रश्न हसण्यावारी गेला नाही.

९ एप्रिल

काल नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीवर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आत जायचं, मग पडदा, मग जिना, मग परमिट रूम. गळ्यात काळा बो लावलेला माणूस स्टीलच्या डब्यात काहीतरी घुसळत होता. कॉकटेल! एकावर एक तीन रंग, एकमेकांत मिसळत नाहीत. त्याचे हात बघत राहिलो. कमाल आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याने एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारी एक माणूस रडत होता, त्यालाही तेच तीन रंग.

बसमध्ये एकच विचार — मी स्वतः एक बनवणार. आनंदाबाईंनी चाखून सांगावं.

१२ एप्रिल

मोहाची, बेलाचा गाळलेला गर, बडीशेप. तीन दिवस मुरवायची. वात निळी पेटली!!

१५ एप्रिल, रविवार

सगळं संपलं.

बाटली स्वच्छ धुऊन, नवीन बूच लावून नेली. पडवीत तुळसाचे चिंधूमामा बसले होते, दिघोरीहून आलेले. मी बाटली सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

तुळसा आत पळाली.

मामा म्हणाले, "कोनासंग आला?"

"एकटाच."

"एकटाच!" ते आनंदाबाईकडे बघून हसले. "लय घाई हाय वं याले."

बाटलीला कोणी हात लावेना. मी म्हटलं, "चाखून तर पाहा." आनंदाबाई म्हणाल्या, "राहू दे तिथंच. पाहू." पाहू! तीन दिवसांची मेहनत, आणि पाहू! मामा तर दुसरीकडे तोंड करून पावसापाण्याचं बोलू लागले. माझं डोकं फिरलं. बूच काढलं, सगळी बाटली अंगणात ओतली. "नका पिऊ!" म्हटलं आणि सायकल काढली.

तुळसा दारात येऊन उभी होती. तोंड पांढरं पडलेलं. तिला काय झालं?

१७ एप्रिल

नंदलालने डोक्याला हात लावला.

"अरे येड्या! त्यायच्यात पोरीच्या मामापुढं बाटली ठेवली म्हंजे पोरगी मागितली. लगेच कोनी पीत नाही. दोन-चार दिस तशीच ठेवतेत, घरचे विचार करतेत. मंग फोडून प्याले, म्हंजे हो म्हटलं. नाही तं वापस करतेत."

"आणि ओतली तर?"

"त्यायनं ओतली असती तरी एक बात होती. तू ओतली. तूच मागितली न तूच मोडली. बारा घरं पाहून राहिले होते."

म्हणजे "राहू दे तिथंच" हे जवळजवळ हो होतं.

दोन तास मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगावर बसून राहिलो. आयुष्यात मला कधी इतकं कोणी दिलं नव्हतं, आणि ते मी मातीत ओतून आलो.

२२ एप्रिल

गेलो. झाडू उलटा धरला नाही, दारातूनच हाक मारली. आनंदाबाई मोह सुकवत होत्या. मी सरळ सांगितलं — मला रीत माहीत नव्हती. राग आला, ओतली. मागणी मोडायची नव्हती.

त्यांनी मूठभर फुलं पसरवली. मग म्हणाल्या, "मातीचा वास घेतला होता मी. बेल होता ना? बडीशोप जास्त झाली."

आता ह्या बाईला काय म्हणावं!

"पोरगी दोन दिस जेवली नाही. आता एकट्याची बाटली मी घेत नाही. मोठं मानूस संग आन. नाही आनलं तं या वाटेनं येऊ नको."

आत बांगड्या वाजल्या. ती ऐकत होती.

मोठं माणूस म्हणजे बाबा. आणि आमच्या बाबांना दारूचा वासही चालत नाही. गल्लीत कोणी पिऊन आला की आमचं दार लागतं. ते दारूची बाटली घेऊन टोलीवर जाणार?

२३ एप्रिल

जेवताना सांगितलं. सगळं, नाव-गावासकट. आवाज चढवला नाही. बाबा उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. नाही म्हणाले असते तर भांडलो तरी असतो.

नवी बाटली भरून ठेवली आहे. बडीशेप कमी.

२६ एप्रिल

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून उभे. "चाल."

"रस्ता लांब आहे बाबा, मी सांगतो—"

"मले ठाऊक हाय रस्ता. तू चार वर्साचा होता, तवा मी रोज जात होतो तिथं. एक दिवस तिनं माह्या तोंडाकडं पाहिलं न म्हणे, कृष्णराव, तुमाले आता इथं भेटनार नाही, घरी जा. गावात कोनाची हिंमत नोहती मले असं म्हनाची. तवापासून बंद हाय."

बाटली त्यांनी स्वतः उचलून पिशवीत ठेवली, आणि पुढे निघाले. मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं.