काचेवरचं दंव

हॉलिवूड, १२ ऑगस्ट १९४७

प्रिय सिग्नी,

मी खुशाल आहे, जेवतोही वेळेवर. आईंचा गुडघा कसा आहे?

भर उन्हाळ्यात आम्ही नाताळची प्रेमकथा चित्रित करतोय. खिडकीवरचं दंव माझ्या हातचं आहे. शिळ्या बिअरमध्ये जुलाबाचं मीठ कालवून काचेला फासायचं, हे माझं मीच शिकलो.

दिग्दर्शक खेकसले, "इथे काच कोरी का सोडलीस?"

म्हटलं, "साहेब, आमच्या मिनेसोटातली बाई तिथेच हातानं दंव पुसून रस्ता बघते."

लोकरी कोटात घामाघूम झालेली नायिका म्हणाली, "आणि नवरा कुठे उलथलाय तिचा?"

सगळे हसले. मी ती कोरी जागा पुन्हा पुसली.

यंदाही नाताळात मला सुट्टी नाही. रागावू नकोस. तूच इकडे येशील का? स्टेशनवर वाट मी बघेन.

तुझाच,
आर्विड