मीठ झाकेपर्यंत

पनवेल,
मंगळवार, मे महिना अर्धा सरला

तीर्थरूप भामाआत्यास,

अंकिताचा वाकून नमस्कार. (समोर असलात की मी तुम्हाला ‘तू’ म्हणते, पण कागदावर धीर होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वलांडीच्या बांबूंवर टांगलेले बोंबील वाळले का? त्यांची चौकशी उगीच करत नाहीये, पण ते पुढे. इकडे सगळे बरे आहेत. आजोबाही बरे आहेत, फक्त शनिवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. (काल ‘भात वाढ’ म्हणाले, पण आईकडे बघून.) फोनच केला असता, पण आजोबा शेजारीच बसलेले असतात. मोबाईलवर लिहिलं असतं, पण ते तुम्हाला हितेश वाचून दाखवतो, तोही नकला करून. म्हणून हे पत्र.

सुरुवात तुमच्या हितेशनेच केली. त्याने माझ्या मोबाईलमध्ये राक्षसांच्या झुंजीचा खेळ घालून दिला. आपण सहा राक्षस पाळायचे आणि समोरच्याच्या सहांशी लढवायचे. काही राक्षस नुसते मैदानात उतरले तरी हवा बदलते. एक कडक ऊन पाडतो, एक धुळीचं वादळ उठवतो आणि एक पाहुण्याला घेऊन येतो. (माहेरचा नियम तुम्हाला सांगायला नको. आपल्या मिठागरातली मिठाची रास झाकली जाईपर्यंत, ढगातून पडतो त्याचं नाव घरात कोणी घ्यायचं नाही, ‘पाहुणा’ म्हणायचं. रास अजून उघडी आहे, म्हणून पत्रातही मी तेच पाळते आहे.) ऊन पडलं की आगीच्या राक्षसांना जोर चढतो आणि पाण्याचे अर्धमेले होतात. पाहुणा आला की बरोबर उलटं. हितेश म्हणाला, “ताई, आधी हवा ठरव, मग तिला मानवतील असे राक्षस घे.”

एवढं ऐकून कोणीही आपापलं ठरवलं असतं. मी घरी विचारलं. (मी चप्पलसुद्धा विचारून घेते.) आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाहुण्याचा राक्षस आपल्याला नको, हंगाम चालू हाय. पानी घे, वरून ऊन दे. येवढंच काम हाय.” मला ते लगेच पटलं. शाळेत जायच्या आधी मिठागराच्या बांधावर बसून मी हेच तर शिकले होते, की खाडीचं पाणी आत घ्यायचं, वरून ऊन लागू द्यायचं आणि धीर धरायचा. मुळाक्षरं त्यानंतरची.

तेव्हा मी पाच राक्षस पाण्याचे घेतले. जिताडा, चिंबोरी, निवटी अशी आपल्या खाडीतली नावंही ठेवली. सहावा ऊन पाडणारा, गोल पोटाच्या पालीसारखा, त्याचं नाव भट्टी. दर झुंजीत मी आधी भट्टीला उतरवायची, रणरणतं ऊन पाडायची, आणि मग त्या उन्हात माझेच पाच जण माना टाकायचे. हितेश म्हणाला, “ताई, ही झुंज नाय, सुकवण हाय. आईला सांगू का वलांडी घेऊन यायला?” पण घरी विचारून केलेली गोष्ट परस्पर कशी मोडणार? आणि खरं सांगू का आत्या, आणखी थोडा धीर धरला तर यातून काहीतरी पांढरं निघेल, असं मला आतून वाटत होतं.

शनिवारी खारघरला स्पर्धा होती. आठच जण होते, पण मोठा पडदा लावला होता. आजोबा धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. माझी पहिली झुंज नावेदशी लागली. माझा संघ बघून त्याची खात्री पटली, की हा काहीतरी नवा, फार खोल डाव आहे. तो प्रत्येक चालीला इतका विचार करत बसला, की त्याची वेळ संपली आणि मी जिंकले. मी आयोजकांकडे जाऊन सांगितलं, की यात डाव वगैरे काही नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, बसा.”

दुसरी झुंज फिजाशी. तिचा अख्खा संघ पाहुण्यावर बांधलेला. तिने माझं ऊन घालवलं आणि पाहुण्याला धो धो आणलं. माझा जिताडा आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभा राहिला. त्याने एका फटक्यात तिचे दोन लोळवले. फिजा कपाळाला हात लावून म्हणाली, “या अल्लाह, म्हणजे मी तुमच्यासाठी बादल घेऊन आले?” लोक हसत होते, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजोबा उठून ओरडले, “आरं, ताडपत्री आना रं!”

मी जिंकले. टाळ्या पडल्या. रिक्षात आजोबा एवढंच म्हणाले, “जिंकली, ते ठीक हाय. आनि मीठ कुठं हाय?” त्यानंतर अबोला.

आता रविवारी अंतिम झुंज आहे, इंद्रजीतशी. त्याचे सगळे आगीचे, तो काही माझ्यासाठी पाहुणा आणणार नाही. मलाच आणावा लागेल. हितेशने त्यासाठी एक बेडकासारखा राक्षस तयार करून दिला आहे (त्याचं नाव ठेवायचा मला धीर झालेला नाही). जिंकले तर पुढची फेरी पुण्याला. आत्या, मी आजवर कशात पहिली आले नाही, मला जिंकायचं आहे. पण मिठागराचा हा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी तिथून रस्ता जाणार, म्हणजे बांधावर आहे ती रास शेवटची. हितेश म्हणतो, “ताई, तो मोबाईलमध्ये पडतो.” मला माहीत आहे, मी बी.एस्सी. आहे. तरी बेडूक निवडायला गेले की मोबाईल उलटा ठेवते. नाव मागे घ्यावं असं दिवसातून चारदा मनात येतं.

असो. तुमच्याकडे मागायचं काहीच नाही, फक्त मन हलकं केलं. काकांना नमस्कार, हितेशला आशीर्वाद (तो फार बोलतो).

तुमची,
अंकिता

ता. क. : एवढंच मागते. रविवारी दुपारनंतर बोंबील घरात घ्याल का? मोबाईलमधला मोबाईलमध्येच राहील हे मला समजतं, पण तुमचे बोंबील बाहेर असताना मला ते बटण दाबवणार नाही.

ता. क. २ : ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना न दाखवता पत्र पाठवणं मला चोरीसारखं वाटलं, म्हणून आजोबांना सगळं वाचून दाखवलं. ते चपला घालून निघून गेले. दिवे लागल्यावर परत आले, ते मातीने माखून. चार माणसं बोलावून त्यांनी रास झाकून टाकली आहे. अजून आठवडाभर मीठ निघालं असतं, आत्या. म्हणाले, “भामेला लिव, मीठ झाकलं. आता पोरीनं पाऊस आनला तरी चालंल.” ‘पाऊस’ म्हणाले. मीही आता लिहिते, पाऊस.

ता. क. ३ : जेवताना मात्र माझ्याकडे बघून विचारलं, की पाऊस पडून गेल्यावर थोडं ऊन देता येईल का. मी हो म्हटलं. भट्टीला संघातच ठेवलं आहे, त्यामुळे बहुतेक मी हरेन. बोंबील तरीही आत घ्याच.