बाजारात सोडलेला काळ्या

बा, तू काळ्याला नेरच्या बाजारात सोडून आला होतास, हे मला यंदाच्या दिवाळीत कळलं. तेही काकाकडून, चहात टोस बुडवता बुडवता. पंचेचाळीस वर्षं मी दुसरीच गोष्ट खरी धरून बसले होते आणि ती तू मला स्वतःच्या तोंडानं सांगितली होतीस. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे समोरासमोर भांडायची सोय राहिली नाही. तरी मी भांडणार आहे. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, त्यामुळे जपून बोलायचंही कारण नाही.

झालं असं की माझा तांबड्या आता तेरा वर्षांचा आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. मी ज्या उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे, तिथल्या पायरीवर हे कुत्र्याचं पिल्लू एका लसीकरणाच्या दिवशी येऊन बसलं आणि बायकांची रांग संपली तरी उठेना, म्हणून घरी आणलं. पोरगी नोकरीला नागपूरला गेल्यापासून नेरच्या घरात मी आणि तो, दोघंच. दसऱ्यापासून त्याचे मागचे पाय धरले. काका दिवाळीचा फराळ घेऊन तांड्यावरून आला, तेव्हा मी तांबड्याच्या पोटाखालून जुन्या साडीची पट्टी घालून त्याला पायरी चढवत होते. काका चहात टोस बुडवत बघत बसला. मग म्हणाला, "हे काय लावलं व बाई तू?"

"चढता येत नाही त्याले, काका. कंबर धरली."

"मंग कायले जीव तोडून राह्यली? तू त नेरातच राह्यते. बाजाराच्या दिवशी ने अन् मटणवाल्याच्या दुकानापाशी सोडून दे. तुह्या बापानं काळ्याले तसंच केलंतं."

मी पट्टी तशीच हातात धरून उभी. म्हटलं, "काळ्या त जंगलात गेलता ना?"

काका हसला. वाईट हेतूनं नाही हसला, पण हसला. "तुले अजून तेच माहीत हाये का? जंगलात कायचा जाते, त्याले उभं त राह्यता येत नव्हतं."

बा, मला तो दिवस आठवतो. तुला वाटलं असेल, पाचवीतली पोरगी, विसरून जाईल. कापसाची गाडी भरून अंगणात उभी आहे. काळ्या दर वेळी गाडीच्या आसाखाली, सावलीतून चालत नेरला जायचा आणि तसाच परत यायचा. कोणी हाक मारायची गरज नसायची. पण त्या वर्षी तो विहिरीपर्यंतसुद्धा जाईनासा झाला होता. त्याचे डोळे दुधाळ झाले होते, तोंडाला वास यायचा, भाकरी तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकायचा. आणि तू त्याला दोन्ही हातांनी उचलतोस आणि कापसाच्या वर ठेवतोस. त्याआधी तू काळ्याला कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी गाडीमागं नाल्यापर्यंत पळाले. काळ्या वर बसून वाऱ्याला नाक लावून होता. मी त्याला हात केला. याडी दारात उभी होती, आई असून माझ्याकडं न बघता आत वळली. आता कळतं की तिला ठाऊक होतं.

दिवेलागणीला तू एकटा आलास. मी विचारायच्या आत तू म्हणालास, "उतरला वाटेत. गेला जंगलाकडं. जनावराले आपली वेळ समजते, बेटा. ते माणसाच्या समोर मरत नसते." आणि पिशवीतून कंपासपेटी काढून माझ्या हातात दिलीस. नवी, चकचकीत, आत कर्कटकसुद्धा. वर्गात कोणाकडं तशी नव्हती. ती मी दहावीपर्यंत वापरली. म्हणजे काळ्याला सोडून तू त्याच बाजारात दुकानात गेलास, पेटी बघितलीस, बंद होते की नाही ते तपासलंस. हे मला सहनच होत नाही, बा.

आणि तुझी ती जंगलाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. पोरीला झोपवताना सांगितली. उपकेंद्रात एका म्हातारीचा कुत्रा हरवला तेव्हा तिला सांगितली, तिनं डोळे पुसले आणि समाधानानं घरी गेली. तुझं खोटं मी अर्ध्या तालुक्यात वाटत फिरले.

काकानं तुझी बाजू घेतली. म्हणाला, आपले लमाण लोक बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरत, तेव्हा मालाची राखण कुत्रीच करत. पण तांडा हलायच्या दिवशी जे चालू शकत नाही, त्याच्यासाठी थांबता येत नसे. "मंग गावाजवळचा मुक्काम पाहून त्याले तिथं ठेवत. म्हणजे कोणी तरी तुकडा टाकन. भुकेनं मरू द्यायचं नाही, अशी रीतच होती. तुह्या बापानं बाजार काहून निवडला मंग? तिथं खायले भेटते म्हणून."

रीत मला कळते. चालत्या माणसांची ती मजबुरी होती, आणि त्यातही माया होती, हे मी मान्य करते. पण तू कुठं चालला होतास? तांडा थांबून तीन पिढ्या झाल्या होत्या. आपल्याला घर होतं, विहीर होती, गोठा होता, गोठ्यात काळ्यापुरती जागा होती. बैल विकले गेले, मिठाच्या गोण्या गेल्या, लमाणमार्गावर डांबर पडलं. तू रोज सकाळी उठून त्याच अंगणात दात घासत होतास. कुठंच जायचं नसताना मागं ठेवून जायची रीत तेवढी तू सांभाळलीस. आणि रीतच होती तर पोरीला तोंडावर सांगायचं होतं. खोटं सांगावं लागलं म्हणजे तुलाही ते बरोबर वाटत नव्हतं.

तुला कुत्र्यांची माया नव्हती असं मी म्हणत नाही. साप निघाला तेव्हा काळ्या तुझ्या पुढं झाला होता, हे तू येईल त्या पाहुण्याला सांगायचास. पण कामाच्या जनावराचा तुझा हिशेब काम असेपर्यंतचा होता. एकदा याडी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि मी माझ्या वाटीतल्या दुधात भाकरी कुस्करून काळ्यापुढं ठेवली, तर तू वाटी पायानं सरकवलीस. "माणसाले पुरत नाही अन् तू कुत्र्याले दूध घालून राह्यली? दात पडले त पडू दे. म्हाताऱ्या जनावराले काही लागत नाही." याडीनं तव्यावरून मान वर केली नाही. मी वाटी धुऊन पालथी घातली.

म्हाताऱ्या जनावराला काही लागत नाही. ऐक तर मग, काय काय लागतं ते. घरात गुळगुळीत फरशी आहे, तिच्यावर पाय फाकतात, म्हणून मी दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तरटाचे तुकडे शिवून अंथरलेत. मान वाकवताना दुखतं, म्हणून ताट दोन विटांवर. चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत, वाढून आत वळतात, ती दर पंधरा दिवसांनी कापावी लागतात. किडलेल्या दाढा काढून घेतल्या, तर आठवड्यात तो पुन्हा जेवायला लागला. काळ्याचंही तेच होतं, बा. त्याला मरण आलेलं नव्हतं, त्याचे दात दुखत होते. भात मऊ लागतो, तेल-मीठ नको, हाडं नकोत, आणि वजन वाढू द्यायचं नाही कारण ते सगळं कंबरेवर येतं. ऐकू येत नाही, म्हणून झोपेत हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे त्याला हादरा कळतो आणि तो दचकत नाही. दिसतं कमी, म्हणून खाट आहे तिथंच ठेवायची. उन्हाळ्यात फिरणं सूर्य उगवायच्या आत. आणि फिरताना ओढायचं नाही. एका खांबापाशी त्याला पाच मिनिटं वास घ्यायचा असेल तर पाच मिनिटं उभं राहायचं. आता त्याचं पेपर वाचणं तेवढंच उरलंय.

लोक हसतात. मे महिन्यात मी कूलरचं तोंड त्याच्या पोत्याकडं वळवलं तर शेजारीण म्हणाली, "बाप्पा, कुत्र्याले कूलर. आमच्या सासूले नाही भेटला." मी म्हटलं, "मंग सासूले घेऊन दे ना, माह्या कुत्र्यावर कायले जळून राह्यली?" तिनं चार दिवस तोंड फुगवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला चीड येते ती ज्या सहजपणे सगळे सांगतात त्याची. सोडून दे, शेतात नेऊन ठेव, सुई देऊन टाक. अरे, तो अजून माझ्या गाडीचा आवाज आल्यावर शेपटी आपटतो. ऐकू येत नाही, तरी आपटतो. त्याला कसं कळतं, मला माहीत नाही.

आणि तू कोणत्या तोंडानं? तुझे गुडघे गेले तेव्हा तू दोन वर्षं माझ्या घरी होतास. मी तुला धरून संडासात नेत होते. भाकरी आमटीत भिजवून देत होते, कारण तुलाही दात नव्हते. ड्यूटीवरून यायला उशीर झाला तर तू खाटेवर बसून दाराकडं बघत असायचास आणि मी दिसल्यावर चिडून म्हणायचास, "आली का?" मी तुला कोणत्या बाजारात सोडून आले? एकदा तरी त्या खाटेवरून काळ्या आठवला का? आठवला असेल तर सांगितलं का नाहीस? माझ्यापाशी बसायला तुला दोन वर्षं होती.

दिवाळीनंतर मी ठरवलं की जे तू केलं नाहीस ते सगळं करून दाखवायचं. हे मी तांबड्यासाठी करत होते की तुला खोटं पाडायला, ते नक्की सांगता येत नाही. पौषात थंडी पडली आणि तो सकाळी उठताना कण्हायला लागला. ते कण्हणं मला ऐकवत नव्हतं. मी रोज बायकांना अंगदुखीच्या गोळ्या देते. गोळी काय, डोस काय, जेवल्यावर की उपाशीपोटी, सगळं तोंडपाठ. त्याच्या वजनाच्या मानानं म्हणून अर्धी केली, भाकरीच्या गोळ्यात लोणी लावून भरली आणि दिली. दुपारपर्यंत तो हुशारीत फिरला. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मी उपकेंद्रातून आले तर तो तरटावर आडवा, आजूबाजूला काळसर उलटी, शी डांबरासारखी. मी ड्यूटीची साडी न बदलता त्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण मुलगा आहे, गाई-म्हशीच जास्त बघतो, पण हात हलका आहे. त्यानं हिरड्या बघितल्या, पोट दाबलं आणि विचारलं, "माणसाची दुखण्याची गोळी दिली का कोणी?" कुत्र्याला ती गोळी म्हणजे विष, म्हणाला. आतडं फाटतं, मूत्रपिंड जातं. मग त्याचं लक्ष माझ्या साडीकडं गेलं. "तुम्ही तर सिस्टर आहात. तुम्ही नाही देणार. घरी कोणी दिली?"

बा, मी म्हटलं, "आमच्या बाबांनी. वय झालं आहे, त्यांना समजत नाही."

क्षणाचाही विचार केला नाही. तोंडातून सरळ तूच निघालास.

सहा दिवस सलाइन चाललं. तांबड्या वाचला, पण आता त्याला आयुष्यभर मूत्रपिंडाचं पथ्य आहे, आणि ते माझ्या हातानं आलं आहे. तू त्याला बाजारात सोडलं असतंस. मी त्याला लोणी लावून मारणार होते. तरी तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो वेगळा ठेवला आहे.

दर बुधवारी त्याला दाखवायला नेते. डॉक्टर सुई भरता भरता विचारतो, "बाबा कसे आहेत? आता नाही देत ना गोळ्या?" मी सांगते, नाही देत, आता मला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. परवा तो म्हणाला, "त्यांना जास्त बोलू नका हो, ताई. त्याचं दुखणं त्यांना पाहावलं नसेल, म्हणून दिली असेल." मी तांबड्याचं डोकं धरून उभी राहिले. खरं अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बुधवारी त्यानं विचारलं तर तुझी तब्येत बरी आहे असंच सांगणार आहे.