प्रश्न उद्भवत नाही

३ मार्च
घरासमोरचा बसथांबा गेला! पत्र्याचं छप्पर, तीन पायांचं बाक, सगळं.

शुक्रवारी सभागृहात मीच त्याच्यावर प्रश्न लावला होता. थांब्याच्या दुरुस्तीवर दर वर्षी खर्च दाखवतात, छप्पर मात्र गळतं, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? बांधकाम मंत्र्यांनी मान वर न करता छापील उत्तर वाचलं — "असा थांबा अस्तित्वात नाही. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत." मी हसले होते. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, यांनी तर भांडंच नाही म्हणून सांगितलं.

आता खोटं उघडं पडू नये म्हणून थांबाच उचलून नेला म्हणायचा. हद्द झाली. धारेवर धरते बघ.

४ मार्च
उचलून नेलेला नाही. फरशीवर खांबांची भोकं नाहीत. मागच्या भिंतीवर, छपराखाली कोरडी असायची तिथेही, शेवाळ आहे. जुनं, वाळून पुन्हा उगवलेलं.

वाण्याला विचारलं. त्याचं निम्मं गिऱ्हाईक थांब्यावरचं. "थांबा? इथे कधी होता?" म्हणाला. थट्टा करत नव्हता. बस समोरून तशीच गेली.

६ मार्च
टेकडीवरच्या रुग्णालयात जाऊन आले. भाऊ बराच सुधारलाय. छातीत घरघर नाही. व्हरांड्यात उन्हाला बसले होते, तर प्राणवायूचं नळकांडं ढकलत आला आणि म्हणाला, "ताई, सरक ना. सगळं ऊन तूच खातेस." आईबाबांच्या मागे मीच त्याला वाढवलं. आता केस पिकले, तरी बाकावर आला की आधी मला सरकवणार. मग मी ओरडणार. मग तो हसणार.

चौदा तारखेला सोडणार आहेत. "थांब्यावर ये न्यायला," म्हणाला. हो म्हटलं. थांबा नाही हे सांगायला जीभ वळेना.

व्हरांड्याचं छत अजून गळतंय. त्यावरही प्रश्न दिलाय मी. बाराला येईल.

७ मार्च
ओढ्यावरच्या पादचारी पुलाचा माझा प्रश्न आला. "असा पूल अस्तित्वात नाही. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत." पुरवणी प्रश्नाला उठले — "मंत्रिमहोदय, आज सकाळी मी काय पाण्यावरून चालत आले?" सगळे हसले. मंत्रीही हसले. मला एकदम थंडी वाजली.

८ मार्च
पूल नाही. लोक ओढ्याला वळसा घालून जातात. पायवाट इतकी घट्ट झालीय की गवत उगवत नाही. काल ती वाट नव्हती!

पुलाखाली एकजण छत्र्या दुरुस्त करायचा. त्याची बायको सभागृहाच्या फाटकाशी चहा विकते. तिला म्हटलं, नवरा कुठे बसतो आता? "कुणाचा नवरा? माझं लग्न कुठे झालंय, बाई?" असं म्हणत तिने रोजच्यासारखे माझ्याआधी दोन ग्लास भरले. एक स्वतः घेतला. दुसऱ्याकडे बघत राहिली. मग ओतून दिला.

त्याने शिवलेली छत्री माझ्या हातात होती. मलाच तेवढा तो आठवतो, बाकी कुणाला नाही.

मी विचारलं नसतं तर तो आज तिथे बसलेला असता.

१० मार्च
बारा तारीख. रुग्णालयाचा प्रश्न. ते म्हणणार, असे रुग्णालय अस्तित्वात नाही. आणि आत माझा भाऊ आहे.

सकाळीच प्रश्न शाखेत गेले. प्रश्न मागे घ्यायचाय म्हटलं. लिपिक म्हणाला, "छापून गेला, मॅडम. तुम्ही आला नाहीत तरी उत्तर दिलं असंच धरतात." मंत्र्यांना गाठलं. "एकदा तरी होय म्हणा," म्हटलं. ते गोड हसले. "अहो, मी कुठे काय म्हणतो? खात्याकडून येतं ते वाचतो." खात्यात गेले तर म्हणे, उत्तर मंत्र्यांकडून येतं. पालथ्या घड्यावर पाणी.

भावाला तिथून आजच काढते म्हटलं, तर डॉक्टर ऐकेनात. प्राणवायूची नळी काढून त्याला चौदापर्यंत बघायचंय. आधी नेलंत तर वाटेतच जाईल, म्हणाले.

दुपारी सुचलं. विचारणारीच नसेल तर तिचा एकही प्रश्न उद्भवत नाही. पुढचाही नाही, मागचेही नाहीत!

मागच्या बाकावर वकील बसतात, आमच्याच पक्षाचे. त्यांना म्हटलं, ऐनवेळचा प्रश्न लावा, तो छापील यादीच्या आधी घेतात. या मतदारसंघाच्या सदस्येच्या निवासस्थानाला रंग दिला त्याचा खर्च किती, असा. वकील म्हणाले, "स्वतःवरच बालंट? डोकं ठिकाणावर आहे ना?" पण लावतो म्हणाले. 'अशी सदस्या अस्तित्वात नाही' म्हणतील, सदस्यत्व जाईल. जाऊ दे. खुर्ची काय, आज आहे उद्या नाही.

१२ मार्च
सकाळी वकिलांचा प्रश्न छापून हातात आला. त्यांनी माझं नाव घातलंय. माझं, वडिलांचं, आडनावासकट! "नुसतं 'सदस्या' लिहिलं तर संदिग्ध म्हणून फेकतात, ताई. नाव लागतंच." चांगल्या मनाने केलं त्यांनी.

म्हणजे खुर्ची नाही जाणार नुसती.

आक्षेप घेता आला असता. मग हा प्रश्न मागे पडला असता आणि रुग्णालयाचा पुढे आला असता. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. अध्यक्षांनी पुकारलं. जिभेला हाड नाही म्हणून मी प्रसिद्ध, पण गप्प बसले. मंत्र्यांनी मान वर न करता वाचलं — "या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत."

वकील पुरवणी विचारायला उठले, माझ्याकडे बघत. मग कशाला उठलो ते विसरल्यासारखे खाली बसले. रुग्णालयाचा प्रश्न कुणी पुकारलाच नाही.

फाटकाबाहेर चहावाली नवऱ्याशी भांडत होती. किती बरं वाटलं!

१३ मार्च
माझ्या घराला दुसऱ्या कुणाचे पडदे आहेत. ही वही पर्समध्ये होती म्हणून राहिली.

१४ मार्च
थांबा जागेवर आहे. तीन पायांचं बाकही. सकाळपासून बसलेय.

बस थांबली. भाऊ उतरला, हातात पिशवी, जरा धापा टाकत. इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आला.

"ताई," म्हणाला. जीव भांड्यात पडला.

"ताई, जरा सरकता का?"

मी सरकले.